शेवटच्या क्लिकचा धनी

लिंक देऊन कमिशन कमावणाऱ्यांमध्ये, म्हणजे ॲफिलिएटांमध्ये, एक मत इतकं पक्कं बसलं आहे की त्याची फेरतपासणी कोणी करत नाही. ते असं : वस्तू आम्ही वापरून पाहतो, व्हिडिओ आम्ही काढतो, गिऱ्हाइकाचं मन आम्ही तयार करतो, आणि ऐन पैसे भरायच्या वेळी एखादी कूपन साइट मध्ये येते, आमची नोंद पुसून आपली लावते आणि कमिशन घेऊन जाते. तेव्हा आमची कमाई कूपन साइट खातात, त्या बंद झाल्या की आमचं भलं होईल.

या मताला डिसेंबर २०२४ मध्ये मोठं बळ मिळालं. मेगालॅग नावाच्या यूट्यूब चॅनेलने हनी या ब्राउझर-जोडणीवर एक लांबलचक आरोपपत्रच मांडलं. हनी ही २०१२ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली, ग्राहकाला कूपन शोधून देणारी जोडणी. पेपालने ती सुमारे चार अब्ज डॉलरला घेतली होती. आरोप असा की कूपन सापडो वा न सापडो, ही जोडणी मागच्या मागे एक टॅब उघडून आधीच्या शिफारसकर्त्याची नोंद पुसते आणि तिथे स्वतःची ठेवते. काही दिवसांतच अमेरिकेत दावे दाखल झाले. तेव्हापासून ‘कूपनवाला म्हणजे चोर’ हे समीकरण मराठीतही सर्रास ऐकू येतं.

माझं म्हणणं असं की या मतातलं निरीक्षण बरंचसं खरं आहे आणि निदान चुकलेलं आहे. चुकीच्या निदानाची किंमत मोठ्या चॅनेलवाल्यांना फारशी मोजावी लागत नाही. ती मोजावी लागते गावातून, मराठीतून, थोड्या प्रेक्षकांवर हा धंदा उभा करू पाहणाऱ्याला. म्हणून हा वाद मला महत्त्वाचा वाटतो.

दुबळा पूर्वपक्ष पाडणं सोपं असतं, म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. समजा, आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथचा एक मुलगा आहे. पैनगंगेच्या अलीकडचं हे गाव तेलंगणात असलं तरी आसपास मराठी भरपूर बोलली जाते, आणि नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. तो बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाचा मराठीत व्हिडिओ करतो. टाकी पाठीवर घेऊन कपाशीच्या दोन तासांमधून चालताना पट्टा कुठे काचतो, चार्जिंग किती टिकतं, नोझल तुंबलं तर काय करायचं, सगळं दाखवतो. पंप ३,२०० रुपयांचा, कमिशन पाच टक्के धरू, म्हणजे १६० रुपये. वणीकडचा एक शेतकरी व्हिडिओ पाहतो, खालची लिंक दाबतो, पंप कार्टमध्ये टाकतो. पैसे भरायच्या पानावर त्याला एक रिकामी चौकट दिसते : ‘कूपन कोड टाका.’ त्याच्याकडे कोड नाही. तो दुसऱ्या टॅबमध्ये दुकानाचं नाव आणि ‘कूपन’ असं शोधतो. कूपन साइटवर कोड झाकलेला असतो. ‘कोड पाहा’ दाबलं की कोड दिसतो, आणि त्याच दाबण्यासरशी कूपन साइटच्या लिंकमधून दुकानाचं पान पुन्हा उघडतं. कोडची मुदत संपलेली निघते. शेतकरी परत येतो, पूर्ण ३,२०० भरतो. १६० रुपये कूपन साइटच्या खात्यात पडतात. जैनथच्या मुलाच्या डॅशबोर्डवर फक्त एक क्लिक उरतो.

हे घडतं. ग्राहकाला सवलत मिळाली नाही, दुकानाला नवं गिऱ्हाईक मिळालं नाही, आणि पैसे मात्र भलत्याकडे गेले. इतकं सगळं मान्य करूनच पुढे जायचं आहे.

आता विचारू, हे कशामुळे घडलं? ब्राउझरला ‘हा माणूस कुठून आला’ ते लक्षात ठेवायला लावणारी कुकी ही युक्ती १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मोंटुली यांनी बसवली. त्याच वर्षी सीडीनाऊ या संगीत विकणाऱ्या दुकानाने दुसऱ्यांच्या पानांवरून येणाऱ्या गिऱ्हाइकावर कमिशन देणं सुरू केलं, आणि १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ही पद्धत सर्वांसाठी खुली केली. हिशेब सोपा ठेवायचा म्हणून नियम झाला तो शेवटच्या क्लिकचा : विक्रीच्या आधी सर्वांत अखेरची नोंद ज्याची, कमिशन पूर्णपणे त्याचं. आधी कितीही जणांनी हातभार लावला असला तरी त्यांना शून्य. हा काही निसर्गनियम नव्हे. विकणाऱ्याने आणि त्याच्या व लिंकवाल्याच्या मध्ये बसून हिशेब ठेवणाऱ्या नेटवर्कने तो निवडला आणि आजपर्यंत पाळला. वरच्या उदाहरणातली ती रिकामी चौकट कोणी लावली? दुकानाने. कोड नसलेल्या माणसाला ‘दुसऱ्या कोणाला हे स्वस्तात मिळतंय’ असं सांगून पैसे भरण्याच्या पानावरून बाहेर कोणी पाठवलं? त्याच चौकटीने. १६० रुपये कोणाला द्यायचे हे ठरवणारा करार कोणाचा? तोही दुकानाचाच. त्याला १६० द्यायचेच आहेत, ते कोणाच्या खात्यात जातात याने त्याचं तात्काळ काही बिघडत नाही, म्हणून तो नियम बदलायच्या खटपटीत पडत नाही. कूपन साइट या नियमाचा फायदा घेते, पण नियम तिने केलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, फायदा घेणाराच दोषी. तर मग या धंद्याच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला फौजदारी खटला पाहावा. ईबेच्या अमेरिकेतल्या ॲफिलिएट कार्यक्रमात सर्वाधिक कमिशन मिळवणाऱ्यांमध्ये शॉन होगन आणि ब्रायन डनिंग ही दोन नावं होती. होगनच्या कंपनीला काही वर्षांत सुमारे २.८ कोटी डॉलर मिळाले, डनिंगच्या कंपनीला सुमारे ५२ लाख. ब्लॉगवर लावायच्या छोट्या सोयी ते फुकट वाटत. त्या पानावर नुसतं आलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये त्याच्या नकळत ईबेची कुकी भरली जाई, आणि तो पुढे आपल्या मर्जीने ईबेवर काही घ्यायला गेला की कमिशन यांचं. दोघांनी गुन्हा कबूल केला. २०१४ मध्ये होगनला पाच महिने आणि डनिंगला पंधरा महिने कैद झाली. या प्रकरणात कूपन औषधालाही नाही. चोरी शक्य झाली ती अखेरची कुकी निमूटपणे मानणाऱ्या नियमामुळे. कूपन साइट उद्या नाहीशा झाल्या आणि नियम तोच राहिला, तर ती जागा किंमत-तुलना करणारी साइट घेईल, पाठलाग करणारी जाहिरात घेईल, नाहीतर दुकानाच्या नावाच्या शोधावर लागलेली जाहिरात घेईल. जैनथच्या मुलाकडे १६० रुपये तेव्हाही परतणार नाहीत.

पूर्वपक्षाचा खरा आधार कार्यकारणाचा आहे. तो म्हणतो, विक्री माझ्यामुळे झाली, कूपन साइट नुसती मध्ये येऊन गेली. या प्रश्नावर आपल्याकडे फार बारकाईने विचार झालेला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्ट या तेलुगू पंडिताचा ‘तर्कसंग्रह’ महाराष्ट्रातही पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. त्यात आणि एकूण नव्यन्यायात कारणाला दोन अटी आहेत : ते कार्याच्या आधी नेमाने असलं पाहिजे, आणि ते अन्यथासिद्ध नसलं पाहिजे. म्हणजे त्याच्यावाचूनही कार्याची उपपत्ती लागत असेल तर ते कारण नव्हे. त्याच काळातल्या विश्वनाथ पंचाननाच्या ‘भाषापरिच्छेदा’त याचं प्रसिद्ध उदाहरण गाढवाचं आहे. एखादा घट होण्याआधी माती वाहून आणणारं गाढव कुंभाराच्या दारात असेल. पण म्हणून ते घटाचं कारण ठरत नाही, कारण माती गाडीने आली असती तरी घट झालाच असता.

या कसोटीवर मुदत संपलेल्या कोडवरचा क्लिक ताबडतोब बाद होतो. इथवर पूर्वपक्षाचं आणि माझं एकमत. पण कसोटी एकदा मान्य केली की ती स्वतःलाही लावावी लागते, आणि प्रचलित मत नेमकं इथेच थांबतं.

ईबेनेच २०१२ मध्ये एक प्रयोग केला. लोक ‘ईबे’ हाच शब्द शोधतात तेव्हा वर झळकणारी स्वतःची जाहिरात काही ठिकाणी बंद केली. जाहिरातीतून येणारे जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकट दुव्यावरून ईबेवर आलेच. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस यांनी २०१५ मध्ये तो अभ्यास ‘इकॉनॉमेट्रिका’त छापला. जाहिरातीच्या हिशेबात तोवर तो प्रत्येक क्लिक विक्रीचं कारण म्हणून नोंदला जात होता. आपल्या लिंकचंही असंच होतं. पंपाच्या व्हिडिओखालची अ‍ॅमेझॉनची लिंक दाबून कोणी आत गेला आणि त्या चोवीस तासांच्या आत त्याने पंप न घेता मोबाइल घेतला, तरी कमिशन लिंकवाल्याच्या खात्यात जमा होतं. त्या मोबाइलबद्दल त्याने शब्दही उच्चारलेला नसतो. ते पैसे आपण आपली कमाई म्हणूनच मोजतो. तेव्हा ‘जे माझ्यामुळे झालं तेच माझं’ हे तत्त्व लिंकवाल्यांनी आजवर कधी पाळलेलं नाही. शेवटच्या क्लिकने दिलं तेव्हा घेतलं, आणि त्याच क्लिकने नेलं तेव्हा चोर शोधला. यात लबाडी नाही. नियमच असा आहे की त्यात पात्रता आणि मोबदला यांची सांगड बसत नाही, ना आपल्यासाठी ना त्यांच्यासाठी.

आणखी एक गल्लत. ‘आम्ही ॲफिलिएट आणि त्या कूपन साइट’ अशी जी विभागणी केली जाते, तशी ती नाहीच. कूपन साइट स्वतः ॲफिलिएटच आहेत. त्याच नेटवर्कमधून, त्याच कुकीवर त्यांचा हिशेब होतो. भारतात कूपनदुनिया २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१४ मध्ये तिचा मोठा हिस्सा टाइम्स इंटरनेटने घेतला. ग्रॅबऑन तर तेलंगणातलीच, हैदराबादची. २०१३ मध्ये स्वाती आणि रोहन भार्गव यांनी सुरू केलेली कॅशकरो मिळालेल्या कमिशनचा वाटा ग्राहकालाच परत करते, आणि त्यांचंच अर्नकरो हे ॲप घरबसल्या लिंका पाठवून कमवू पाहणाऱ्यांना लिंका बनवून देतं. गावातला जो मुलगा व्हॉट्सॲप गटात डील टाकतो तो कित्येकदा याच घराण्याच्या आधाराने टाकत असतो. कूपनवाल्यांना सरसकट हाकला म्हणणाऱ्याने हा मुलगा कोणत्या बाजूचा, ते आधी सांगावं.

शिवाय कूपन साइटचं काम एकाच जातीचं नसतं. मुदत संपलेले कोड झाकून ठेवणारी एक. चालू कोड तपासून उघड्यावर मांडणारी दुसरी. कमिशनमधला वाटा ग्राहकाला देणारी तिसरी. आणि ग्राहकाने काही न मागता पैसे भरायच्या पानावर स्वतःहून उगवणारी ब्राउझर-जोडणी चौथी. पहिली आणि चौथी यांच्याबद्दल राग वाजवी आहे. पण दुसरीमुळे, घ्यावं की न घ्यावं अशा विचारात अडकलेला माणूस खरोखर घेऊन टाकतो. पंप ३,२०० ला नको होता, २,८०० ला हवा होता, अशी माणसं शेतीच्या पट्ट्यात कमी नाहीत. त्या विक्रीत कूपन अन्यथासिद्ध नाही. आणि कधी पैसा उलट्या दिशेनेही वाहतो. पॉडकास्ट किंवा यूट्यूबवाल्याला दुकान त्याच्या नावाचा कोड देतं; तो कोड कोणीतरी कूपन साइटवर चढवतो; मग ज्यांनी त्याचा आवाजही ऐकलेला नाही असे लोक तो वापरतात आणि कमिशन त्याच्या खात्यात जातं. दुकानदारांची ही जुनी तक्रार आहे. लिंकवाल्यांच्या गाऱ्हाण्यांत ती कधी येत नाही, इतकंच.

कमाईला लागलेल्या गळतीचा हिशेब करायचा तर कूपनहून मोठी भोकं आहेत. अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरचा दर आठ टक्क्यांवरून तीनवर आणला, किराण्यावरचा पाचवरून एकवर. एका सूचनेने जितकं कमिशन गेलं तितकं एखादं कूपन कुठून नेणार? दुसरं, आपल्याकडे लिंक दाबली की बहुधा ब्राउझर न उघडता दुकानाचं ॲप उघडतं, आणि व्हॉट्सॲपवरून ब्राउझर, ब्राउझरवरून ॲप अशा उड्यांमध्ये नोंद गळून पडू शकते. सफारीसारखे ब्राउझर २०१७ पासून अशा नोंदींचं आयुष्य छाटत आले आहेत. तिसरं, खेड्यात घरपोच रोखीने मागवलेलं पार्सल परत गेलं की ‘पेंडिंग’ दिसणारं कमिशन ‘कॅन्सल’ होतं. महिनाअखेरीस ‘क्लिक आहेत, सेल नाही’ असं दिसतं तेव्हा ही सगळी भोकं एकाच आकड्यामागे दडलेली असतात. त्यातलं फक्त कूपन डोळ्यांना दिसतं, कारण त्याला नाव आणि साइट आहे.

जैनथच्या परिसराला हा प्रकार नवा नाही, फक्त माल वेगळा होता. महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून कापसाची एकाधिकार खरेदी योजना आणली आणि ती १९७२ पासून चालवली. राज्यातला कच्चा कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, हा नियम. बाहेर भाव चढा असला किंवा हातात रोख लवकर पडणार असली की विदर्भातला कापूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या बाजारात जायचा. त्याला तेव्हा ‘चोरटी वाहतूक’ म्हणत. नाक्यांवर गाड्या अडवल्या जात, पलीकडचे व्यापारी आपला कापूस पळवतात अशी ओरड होई. पण कापूस व्यापाऱ्यांनी पळवलेला नव्हता. भाव आणि चुकारा यांचा नियम या काठावर एक आणि त्या काठावर दुसरा, म्हणून तो वाहत होता. पुढे खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि ‘चोरटी’ या शब्दाची गरजच संपली. अडतीच्या बाबतीतही हेच दिसतं. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई आणि सगळा रोष अडत्यावर असे. २०१६ मध्ये नियम बदलला आणि अडत खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. व्यापाऱ्यांनी विरोध केला, बाजार बंद ठेवले. अडते नंतरही राहिले. बदललं ते एवढंच की अडत कोणाच्या खिशातून जाते. शेतकऱ्याच्या बाजूने झालेलं ते खरं काम होतं, आणि ते अडत्याला हाकलून झालं नाही.

मग नियम कसा असावा? पहिली गोष्ट, बंधन कृत्यावर हवं, जातीवर नको. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या जोडण्यांसाठी हेच केलं : ग्राहकाला प्रत्यक्ष काही लाभ होत नसेल तर जोडणीने आपली ॲफिलिएट लिंक घुसवायची नाही. कूपन देणाऱ्याला बंदी नाही. कूपन न देता नोंद पुसणाऱ्याला आहे. नेटवर्कांच्या करारांमध्ये याच जातीचं एक जुनं कलम असतं, ज्याला ‘स्टँड-डाउन’ म्हणतात. ग्राहक दुसऱ्याच्या लिंकवरून आलेला दिसला की जोडणीने गप्प बसायचं. कलम चांगलं आहे. ते पाळलं जातं की नाही हे तपासण्याची जबाबदारी नेटवर्कने उचलली पाहिजे, कारण नोंदी त्याच्याकडेच असतात. जैनथच्या मुलाकडे नसतात.

दुसरी गोष्ट वाटणीची. कोड चालला, सवलत खरोखर मिळाली, तर कूपनवाल्याला वाटा द्यावा, पण सगळं कमिशन नव्हे. अनेकांच्या हातभाराने झालेल्या कामात प्रत्येकाचा न्याय्य वाटा कसा काढावा याचं गणित लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्येच मांडलं. २०१२ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल मिळालेले तेच हे शॅप्ली. प्रत्येक भिडू नसता तर काय उणं पडलं असतं, ते सगळ्या शक्य क्रमांनी तपासून सरासरी काढायची. अन्यथासिद्धाची कसोटी आकड्यांत उतरवल्यासारखी ती वाटते. हे गणित मोजणीच्या यंत्रणांत आज वापरलंही जातं. म्हणजे विकणारा आपला जाहिरातखर्च तपासताना शेवटच्या क्लिकवर विश्वास ठेवत नाही आणि कमिशन वाटताना मात्र तोच क्लिक पुढे करतो. लिंकवाल्यांचं खरं भांडण या दुटप्पीपणाशी असायला हवं.

तिसरी गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे, आणि ती पूर्वपक्षाला सर्वांत अवघड जाईल, कारण तिचं नाव कूपनच आहे. लिंकऐवजी, निदान लिंकच्या जोडीला, स्वतःच्या नावाचा कोड मागून घ्यावा. कोडवर हिशेब असला की कुकी पुसली तरी चालते, ॲप उघडलं तरी चालतं, दोन दिवसांनी बायकोच्या फोनवरून मागवलं तरीही चालतं. ती रिकामी चौकट पाहून वणीच्या शेतकऱ्याला मग बाहेर जावंच लागत नाही. त्यात काय भरायचं ते व्हिडिओतच सांगितलेलं असतं.

याला आक्षेप ठरलेला आहे : मोठी दुकानं छोट्या माणसाला स्वतंत्र कोड देत नाहीत. हे खरं आहे. पण जैनथच्या मुलाचा प्रेक्षक मोठ्या दुकानाशी बांधलेला नाही. फवारणी पंप, ठिबकचे सुटे भाग, ताडपत्री, बियाणं पेरायची हातयंत्रं विकणारे मध्यम व्यापारी आता स्वतःच्या साइटवरून आणि व्हॉट्सॲपवरून ऑर्डरी घेतात. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठीत बोलून गिऱ्हाईक आणणारा माणूस त्यांना हवा असतो. त्यांच्याशी ठरवताना टक्के किती ही घासाघीस नंतर करावी. आधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : कोड वापरला गेला की आधीची-नंतरची कोणतीही लिंक असो, कमिशन कोडवाल्याचं, कोड बाहेर फुटला तर तो बदलून द्यायचा, पण तोवरच्या विक्रीचे पैसे कापायचे नाहीत, आणि परत आलेल्या पार्सलांची यादी दर महिन्याला ऑर्डर क्रमांकासह द्यायची.